विक्रांत आणि विराट का वाचल्या नाहीत? गंजाचं साधं गणित

शॉमबर्गला भारतातून पाहुणे आले की शिकागोची एक फेरी ठरलेली असते. बरोबर मुलं असतील, तर म्युझियम ऑफ सायन्स अँड इंडस्ट्री चुकत नाही. तिथे जमिनीखालच्या एका दालनात यू-५०५ ही जर्मन पाणबुडी ठेवली आहे. अमेरिकी नौदलाने ती ४ जून १९४४ रोजी पश्चिम आफ्रिकेजवळच्या समुद्रात पकडली होती. पाहुण्यांमध्ये कुणी मुंबईकर असेल, तर तिच्यातून बाहेर पडताना एक प्रश्न हमखास येतो: "यांनी शत्रूची पाणबुडी एवढी जपली, आणि आपण आपली विक्रांत भंगारात काढली?"

तुम्हालाही हा प्रश्न कधीतरी पडला असेल. त्यातला राग समजण्यासारखा आहे. पण उत्तर फक्त सरकारी अनास्थेत शोधलं, तर अर्धंच सापडतं. उरलेलं अर्धं रसायनशास्त्रात आहे.

दोन ब्रिटिश जहाजं, एक शेवट

आधी इतिहासाची थोडी उजळणी करू. आयएनएस विक्रांत जन्माने ब्रिटिश. एचएमएस हर्क्युलिस या नावाने ती १९४५ मध्ये टाइन नदीत उतरवली गेली. महायुद्ध संपलं आणि काम अर्धवट राहिलं. भारताने ती १९५७ मध्ये विकत घेतली, बेलफास्टमध्ये बांधून पूर्ण करून घेतली आणि ४ मार्च १९६१ रोजी ती आपल्या नौदलात आली. १९७१ च्या युद्धात तिच्यावरच्या विमानांनी चितगाव आणि कॉक्स बझारवर हल्ले केले. ३१ जानेवारी १९९७ रोजी ती निवृत्त झाली. नंतर २००१ ते २०१२ या काळात ती मुंबईत तरंगतं संग्रहालय म्हणून उभी होती. तुमच्यापैकी अनेकांनी नौदल सप्ताहात रांग लावून ती पाहिली असेल.

आयएनएस विराट ही मूळची एचएमएस हर्मीस. १९५९ मध्ये ती ब्रिटिश नौदलात आली आणि १९८२ च्या फॉकलंड युद्धात तिथल्या ब्रिटिश ताफ्याची प्रमुख नौका होती. १२ मे १९८७ रोजी ती विराट झाली आणि ६ मार्च २०१७ रोजी मुंबईत निवृत्त झाली.

दोघींचं पुढे काय करायचं, यावर भरपूर वाद झाला. विक्रांतची जागा २०१२ मध्ये सुरक्षिततेच्या कारणावरून लोकांसाठी बंद झाली. ती सुमारे ६० कोटी रुपयांना विकली गेली. लिलावाविरुद्धची जनहित याचिका जानेवारी २०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने फेटाळली. सर्वोच्च न्यायालयाने काही काळ स्थगिती दिली, पण त्याच वर्षी ऑगस्टमध्ये तिथूनही हिरवा कंदील मिळाला आणि नोव्हेंबरमध्ये दारूखान्यात ती तोडायला सुरुवात झाली.

विराटसाठी महाराष्ट्र मंत्रिमंडळाने नोव्हेंबर २०१८ मध्ये ८५२ कोटींचा आराखडा मंजूर केला होता. सिंधुदुर्गात निवतीच्या खडकांजवळ सागरी संग्रहालय होणार होतं. ते झालं नाही. ३८.५४ कोटींना विकलेली विराट सप्टेंबर २०२० मध्ये गुजरातेत अलंगच्या किनाऱ्यावर ओढली गेली. एका कंपनीने ती १०० कोटींना घेऊन संग्रहालय करण्याची तयारी दाखवली. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२१ मध्ये तोडकाम थांबवलं. पण एप्रिलमध्ये याचिका फेटाळली गेली, कारण तोवर सुमारे ४० टक्के जहाज तोडून झालं होतं.

आता एक बारीकशी गोष्ट. ज्या ब्रिटनने ही जहाजं बांधली, त्यानेही आपली एकही विमानवाहू नौका संग्रहालय म्हणून राखलेली नाही. इन्व्हिन्सिबल, आर्क रॉयल आणि इलस्ट्रियस या तिघी तुर्कस्तानात मोडीत निघाल्या. तिथेही अशीच चर्चा झाली होती. म्हणजे प्रश्न फक्त 'आपल्याकडे' नाही.

पोलाद पाण्यात काय करतं?

गंज म्हणजे एक छोटी विजेची घडामोड. लोखंडाचा अणू आपले इलेक्ट्रॉन सोडून पाण्यात विरघळतो. ते इलेक्ट्रॉन पत्र्यातूनच दुसऱ्या जागी जातात आणि तिथे पाण्यात विरघळलेला प्राणवायू ते घेतो. या दोन जागांमध्ये पाण्यातून विद्युतभार वाहता राहिला, तरच हे चालू राहतं. समुद्राच्या पाण्यात मीठ असल्यामुळे तो सहज वाहतो. शिवाय मिठातले क्लोराइड आयन पत्र्यावरचा संरक्षक थर फोडतात. पाणी कोमट असेल तर सगळं आणखी वेगाने होतं.

उघडं पोलाद समुद्रात वर्षाला सरासरी ०.१ मिलिमीटर झिजतं, असं ढोबळ मानाने धरतात. ऐकायला हे काहीच नाही. पण विक्रांतएवढ्या जहाजाचा पाण्याखालचा भाग, माझ्या अंदाजाने, सुमारे ५,००० चौरस मीटर भरेल. गुणाकार करा: ०.५ घनमीटर पोलाद, म्हणजे वर्षाला जवळजवळ ४ टन. तेही सगळीकडे सारखं जात नाही. काही ठिकाणी खड्डे पडतात आणि तिथे वेग सरासरीच्या कितीतरी पट असतो. जहाज बुडवायला पूर्ण पत्रा जावा लागत नाही, एक भोक पुरतं.

यावर उपाय दोन. पहिला रंग. दुसरा जस्त. बुडाला जस्ताचे ठोकळे बसवतात. जस्त लोखंडापेक्षा जास्त सहजपणे इलेक्ट्रॉन देतं, म्हणून ते स्वतः झिजतं आणि पोलाद वाचतं. किती जस्त लागेल? रंग चांगला असेल तर प्रत्येक चौरस मीटरला १० मिलीअँपिअर प्रवाह धरू. ५,००० चौरस मीटरला ५० अँपिअर झाले. वर्षात ८,७६० तास असतात, म्हणजे ४,३८,००० अँपिअर-तास. एक किलो जस्त साधारण ७८० अँपिअर-तास देतं. भागाकार केला की उत्तर येतं सुमारे ५६० किलो, दर वर्षी. आणि रंग उडून पोलाद उघडं पडलं तर? प्रवाह दसपट होतो, जस्त साडेपाच टनांच्या वर जातं.

म्हणजे खरी मदार रंगावर आहे. जस्ताचे ठोकळे पाणबुडे पाण्यातच बदलू शकतात. पण बुडाला नीट रंग द्यायचा तर जहाज सुक्या गोदीत घ्यावं लागतं, दर काही वर्षांनी. ज्यांची इंजिनं थंडावली आहेत असं २०० मीटरचं जहाज ओढून न्यायचं, आणि चालत्या युद्धनौकांच्या रांगेत त्याला गोदी मिळवायची. खर्चाचा खरा डोंगर इथे आहे. त्यातही पाण्याच्या रेषेवरचा, सतत ओला-सुका होणारा पट्टा जस्ताच्या आवाक्याबाहेर राहतो, कारण तिथे पाण्याचा सलग थर नसतो. नेमका तिथेच गंज सर्वांत जोरात असतो. आत, तळाशी साचलेल्या पाण्यात आणि मुंबईच्या दमट हवेत होणारी झीज वेगळीच.

पत्रा किती उरला हे बाहेरून दिसत नाही. त्यासाठी श्राव्यातीत ध्वनी वापरतात. पोलादात ध्वनी सेकंदाला सुमारे ५,९०० मीटर जातो. १२ मिलिमीटरच्या पत्र्यातून जाऊन परत यायला त्याला ४ मायक्रोसेकंद लागतात, ९ मिलिमीटरच्या पत्र्यातून ३. प्रतिध्वनी लवकर आला, की समजायचं झीज झाली आहे.

मग इतर जहाजं कशी टिकली?

यू-५०५ ची गोष्ट इथे उपयोगी पडते. शिकागोकरांनी सुमारे अडीच लाख डॉलर जमवून ती १९५४ मध्ये आणली, ती थेट जमिनीवर. तरी पन्नास वर्षं ऊन, पाऊस आणि बर्फ खाऊन ती इतकी खराब झाली, की २००४ मध्ये तिच्यासाठी जमिनीखाली बंद दालन बांधावं लागलं. तिचं वजन सुमारे ७०० टन. विक्रांत १६ हजार टनांच्या आसपास होती.

विशाखापट्टणमनेही हाच मार्ग धरला. आयएनएस कुरसुरा ही पाणबुडी २००१ मध्ये निवृत्त झाल्यावर किनाऱ्यावर ओढून घेतली आणि २००२ मध्ये लोकांसाठी खुली केली. पाण्याबाहेर काढलं की गंज थांबत नाही, पण तो दिसतो, आणि शिडी लावून माणूस त्याच्यापर्यंत पोचू शकतो.

पाण्यात ठेवलेल्या जहाजांचा अनुभव ह्यूस्टनच्या मंडळींना विचारा. टेक्सास ही युद्धनौका १९४८ पासून संग्रहालय आहे. १९९० नंतर ती तीस वर्षांहून जास्त काळ सुक्या गोदीत गेली नाही. बुडाला गळती लागली, पंप लावून ती तरंगत ठेवावी लागली. शेवटी राज्याच्या विधिमंडळाने ३.५ कोटी डॉलर दिले, तेव्हा ऑगस्ट २०२२ मध्ये तिला गॅल्व्हेस्टनला नेता आलं आणि शेकडो टन पोलाद बदललं गेलं. अमेरिकेसारख्या श्रीमंत देशातली ही स्थिती.

आता निवतीच्या आराखड्याकडे परत या. विराट किनाऱ्यापासून काही सागरी मैलांवर, समुद्रतळावर काँक्रीटच्या पायात पक्की बसवायची होती. तरंगणारं जहाज भरतीबरोबर वर-खाली होतं, त्यामुळे त्याची पाण्याची रेषा जवळपास तिथेच राहते. पक्क्या बसवलेल्या जहाजाच्या अंगावर मात्र पाणी रोज दोनदा चढणार आणि उतरणार. ओल्या-सुक्या पट्ट्याची रुंदी भरतीच्या उंचीएवढी होणार, आणि पावसाळ्यातल्या लाटा वेगळ्याच. आणि हे जहाज पुन्हा कधीच सुक्या गोदीत जाऊ शकणार नाही. ८५२ कोटी उभे राहिले असते तरी हा प्रश्न तसाच उभा राहिला असता.

पुढच्या वेळी काय विचारायचं?

विक्रांत वाचवायला हवी होती का? माझं मत: हो, निदान प्रयत्न २०१२ ऐवजी १९९७ मध्ये व्हायला हवा होता. पत्रा जाड असताना निर्णय घेतला, तर पैसा टिकवण्यावर खर्च होतो. तो पंधरा वर्षांनी घेतला, तर बदलण्यावर होतो. न्यायालयात पोचेपर्यंत रसायनशास्त्राने निकाल बराचसा लिहिलेला असतो.

म्हणून पुन्हा असा वाद निघाला, की "किती कोटींना घेणार?" या प्रश्नाने फसू नका. हत्ती विकत घेणं सोपं, पोसणं कठीण. विचारायचे प्रश्न तीन. जहाज पाण्यात राहणार की जमिनीवर? पाण्यात राहणार असेल, तर दर काही वर्षांची सुकी गोदी कोणती आणि तिचे पैसे कुठल्या कायम निधीतून? आणि दोन्ही जमत नसेल, तर कुठला भाग कापून नीट जपायचा? विक्रांतचं थोडं पोलाद मोटरसायकलच्या पेट्रोलच्या टाकीत गेलं. तिच्या उड्डाणपट्टीचा मोठा तुकडा मुंबईत छपराखाली राहिला असता, तर तो आपल्या नातवंडांनी हात लावून पाहिला असता.

हा वाद पुन्हा निघणारच आहे. नवी विक्रांत २ सप्टेंबर २०२२ रोजी कोचीत नौदलात दाखल झाली. ती निवृत्त होईल तेव्हा निर्णय घेणारी माणसं आज शाळेत आहेत, काही कदाचित आपल्या रविवारच्या मराठी शाळेतही.

त्यांच्यासाठी एक प्रयोग. तीन काचेचे पेले घ्या. लिटरभर पाण्यात चहाचे सहा चमचे मीठ विरघळवा, म्हणजे साधारण समुद्राएवढं खारट पाणी तयार होतं, आणि ते तिन्हींत ओता. तीन साधे लोखंडी खिळे घ्या, जस्ताचा मुलामा नसलेले. एक तसाच बुडवा. दुसऱ्याला जस्ताचा मुलामा दिलेली तार घट्ट गुंडाळा, तिसऱ्याला तांब्याची उघडी तार. आठवडाभर रोज संध्याकाळी पाहून वहीत लिहा. तांब्याचा खिळा सर्वांत जास्त का गंजला, हे मुलांना विचारा, आणि जहाजाचे पंखे तांब्याच्या मिश्रधातूचे असतात हे त्यानंतरच सांगा. जस्ताच्या तारेवर काय झालं तेही बघायला लावा. मग एकदा यू-५०५ पाहायला घेऊन जा. तिच्याजवळ उभं राहिल्यावर ती मुलं काय विचारतात, ते मला जरूर कळवा.