मधूच्छिष्ट-विधान : मेणातून धातूची मूर्ती

देवघरातील अन्नपूर्णा, बाळकृष्ण किंवा देवळातील उत्सवमूर्ती यांचे आपण नित्य दर्शन घेतो. परंतु कठीण धातूस हे सुकुमार रूप कसे प्राप्त होते, हे पुष्कळांस ठाऊक नसते. तो विधी समजला म्हणजे मूर्तीचे जतन कसे करावे, हेही आपोआप समजते.

मध काढून घेतल्यावर पोळ्याचे जे उरते ते मधूच्छिष्ट, म्हणजेच मेण. मेणाची मूर्ती करून तिच्या जागी धातू ओतण्याचे वर्णन कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने १२ व्या शतकात ‘मानसोल्लास’ ग्रंथात केले आहे. भोसले राजांनी १८५५ पर्यंत ज्या तंजावरात राज्य केले, त्याच प्रांतातील कावेरीकाठच्या स्वामीमलै गावी स्थपतींची घराणी आजही याच रीतीने मूर्ती घडवितात.

प्रथम मूर्तीच्या उंचीइतकी नारळाच्या झावळीची पात घेऊन तिला घड्या घालतात व त्यावरून अवयवांची प्रमाणे ठरवितात. विष्णू, शिव अशा प्रधान देवतांस ‘उत्तम दशताल’, म्हणजे एकंदर १२४ अंगुळांचे मान सांगितले आहे. मग मेणात राळ व थोडे तेल मिसळून हात, पाय, मस्तक निरनिराळे घडवितात आणि तापलेल्या लोखंडी सळईने सांधतात. रस आत जाण्यासाठी व वारा बाहेर पडण्यासाठी मेणाच्याच कांड्या जोडतात. या वेळी राहिलेला दोष पुढे धातूत जसाच्या तसा उतरतो. म्हणून खरी परीक्षा येथेच होते.

त्यानंतर मातीचे लेप. पहिला लेप कावेरीच्या अतिशय बारीक गाळाचा असतो. नखाची रेघही तोच टिपून घेतो. त्यावर शेतातील माती व वाळू यांचे जाड लेप देतात, प्रत्येक लेप सावकाश वाळवितात आणि मूर्ती मोठी असल्यास लोखंडी तारांनी आवळतात.

वाळलेला साचा गोवऱ्यांच्या आचेवर तापविला की मेण वितळून वाहून जाते व आत केवळ आकाराची पोकळी राहते. धातू किती लागेल, हे मेणाच्या वजनावरून आधीच ठरलेले असते. तांब्यापितळेसाठी सुमारे आठ-दहापट, रुप्यासाठी बारापट व सोन्यासाठी सोळापट, असे प्रमाण सोमेश्वराने दिले आहे. साचा गरम असतानाच जमिनीत पुरून मुख वर ठेवतात आणि मुख्यतः तांबे असलेला रस बारीक, अखंड धारेने ओततात. धार तुटली तर मूर्तीत सांधा राहतो.

पूर्ण निवाल्यावर साचा फोडतात. मेण आधीच गेलेले, आता साचाही गेला. म्हणून या रीतीने घडलेली प्रत्येक मूर्ती एकमेव असते. पुढे कानस व छिन्नीचे काम अनेक दिवस चालते. नेत्रोन्मीलन सर्वांत शेवटी, सोन्याच्या शलाकेने होते.

आता आपल्या घराकडे वळू. सणावारी आपण चिंच आणि रांगोळी घेऊन देव लख्ख घासतो. रांगोळी म्हणजे दगडाची पूड. तिने धातू झिजतो, आणि चिंचेची आंबटाईही तो थोडाथोडा खाते. पिढ्यान्‌पिढ्या पूजेत असलेल्या कित्येक मूर्तींचे नाक-डोळे आज ओळखू येत नाहीत, ते पुष्कळदा याच घासण्यामुळे. जे रूप गेले ते पुन्हा उतरवून घेण्यास साचा कोठेच उरलेला नाही.

म्हणून अभिषेकानंतर पंचामृताचा अंश राहू न देता मूर्ती स्वच्छ पाण्याने धुवावी, मऊ वस्त्राने टिपावी व पूर्ण कोरडी करावी. ब्रश, काथ्या व रांगोळी वर्ज्य करावी. जुन्या धातूवर काळसर झाक येते, तो मळ नव्हे. तिच्याखाली स्थपतीने मेणात काढलेली रेघ सुरक्षित असते. झळाळी थोडी उणी असली तरी चालेल. देवाचे मुख मात्र पुढच्या पिढीस दिसले पाहिजे.