वृद्धांचें ताट

वाढत्या मुलांस सकस अन्न हवें, हें आमच्या वाचकांस ठाऊक आहे. परंतु ज्यांची वाढ केव्हांच पुरी झाली त्यांना दोन घास साधे मिळाले तरी चालतें, असा समज घरोघर आढळतो. तो पारखून पाहण्यास अमेरिकेंतील एक व्यवस्था उपयोगी पडेल.

त्या देशांत वृद्धांच्या हिताचा कायदा १९६५ सालीं झाला व १९७२ सालीं त्यास सामुदायिक भोजनाची जोड मिळाली. साठी उलटलेल्या कोणासही वृद्धकेंद्रांत जाऊन इतरांच्या पंगतीस जेवतां येतें. किंमत सक्तीनें घेत नाहींत; ज्यानें त्यानें यथाशक्ति द्यावें. मात्र एक नियम आहे : प्रत्येक जेवणांतून दिवसाच्या पोषणाचा निदान एकतृतीयांश हिस्सा मिळालाच पाहिजे.

नियम सोपा दिसतो. हिशेब करूं लागल्यावर अडचण कळते. तेथील मानाप्रमाणें बैठें काम करणाऱ्या वीस वर्षांच्या स्त्रीस दिवसाला सुमारें २००० उष्मांक लागतात, सत्तरीच्या स्त्रीस १६००. प्रथिनें मात्र दोघींसही ४६ ग्रॅमच. आणि कॅल्शियम तर तरुणीस १००० मिलिग्रॅम, वृद्धेस १२००! भूक उणी झाली, पण गरज तेवढीच राहिली, किंबहुना वाढली. म्हणून म्हातारपणीं प्रत्येक घास अधिक कसदार हवा. एका जेवणांत ४०० मिलिग्रॅम कॅल्शियम आणावयाचें, तर पेलाभर दुधांतून सुमारें ३०० मिळतें. उरलेलें कोठून आणावें? आमच्याकडे नाचणीची एक भाकरी तें काम करील. नुसत्या भातानें किंवा पावानें पोट भरेल, हिशेब भरणार नाहीं.

मिठाची गोष्ट उलट आहे. तेथें दिवसाला २३०० मिलिग्रॅम सोडियम ही मर्यादा ठरली आहे. म्हणजे सगळें मिळून चहाचा एक चमचा मीठ. डबाबंद पदार्थांनीं ती पाहतां पाहतां ओलांडली जाते. वृद्धांच्या जिभेची चव मंदावते व अळणी अन्न त्यांस नकोसें होतें. अशा वेळीं लिंबू व मसाल्याची पानें यांवर स्वयंपाक रुचकर करणें यांतच आचाऱ्याचें खरें कसब आहे.

परंतु आमच्या मतें सर्वांत मोठा प्रश्न निराळाच आहे. नियम मोजतो तें वाढलेलें अन्न. शरीरास लागतें तें खाल्लेलें. दांत नसलेल्या माणसापुढें चिवट मांस वा कच्चें गाजर ठेवलें, तर तें तसेंच परत जातें. उष्ट्यांत गेलेलें प्रथिन वहींत मात्र जमाच राहतें! तपासनिसानें स्वयंपाकघराआधीं परत आलेलीं ताटें पाहावींत. पंगतीचा लाभही येथेंच आहे : एकटें राहणारें माणूस चहा-बिस्किटांवर वेळ मारून नेतें, तेंच चौघांत बसलें म्हणजे चार घास अधिक खातें.

आमच्या विद्यार्थ्यांनीं आठ दिवस घरच्या आजी-आजोबांच्या ताटांत काय वाढलें हें न लिहितां काय उरलें तें लिहून आणावें. भाकरीचा कडक पापुद्रा, शेंगदाणे व काकडीची कोशिंबीर हीं त्या यादींत पहिल्याच दिवशीं सांपडतील, असा आमचा अंदाज आहे.