घोड्याची नित्य निगा
बैलाच्या सवयीनें घोडा राखूं नये

मार्गशीर्षांत दत्तजयंतीच्या सुमारास नंदुरबार जिल्ह्यांतील सारंगखेडा येथें तापीच्या कांठीं घोड्यांचा मोठा बाजार भरतो. नांदेड जिल्ह्यांतील माळेगांवीं खंडोबाच्या यात्रेंतहि घोड्यांची खरेदी-विक्री होते. या बाजारांतून दरसाल अनेक शेतकरी घोडा अगर घोडी घेऊन घरीं येतात. कोणास बैलगाड्यांच्या शर्यतींत पुढें पळविण्यासाठीं घोडी हवी असते, कोणास लग्नसराईंत चार पैसे मिळवावयाचे असतात, तर कोणास दाराशीं घोडा असावा ही वडिलार्जित हौस असते. धनगर बंधूंच्या वाड्याबरोबर ओझें वाहणारें भीमथडी तट्टू तर आपल्या मुलखाचें जुनेंच धन आहे.

घोडा घरीं आला म्हणजे तो साहजिकच गोठ्यांत बैलांशेजारीं बांधला जातो, आणि पिढ्यान्‌पिढ्या बैल राखण्याची जी रीत आपल्या अंगवळणीं पडली आहे, तीच त्यालाहि लागू होते. येथेंच घात होतो. प्रस्तुत लेखकाच्या घरची एक उत्तम घोडी याच चुकीनें गेली. ती हकीकत पुढें येईलच. तशी पाळी इतरांवर येऊं नये, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

१. पोटाची रचना

बैल रवंथ करणारा आहे. त्याच्या पोटाचे चार कप्पे असून पहिला कप्पा म्हणजे मोठा रांजणच होय. सकाळ-संध्याकाळ तो भरून घ्यावा व मधल्या वेळीं निवांत रवंथ करावा, हा त्याचा धर्म. घोडा रवंथ करीत नाहीं. त्याचें जठर त्याच्या देहाच्या मानानें फार लहान, सुमारें ८ ते १५ लिटरांचें असतें. चारा आंबवून पचविण्याचें काम जठरांत होत नसून मागील बाजूच्या मोठ्या आंतड्यांत होतें. जठरांत आम्ल मात्र अहोरात्र पाझरत असतें. म्हणून रानांतला घोडा दिवसाचे व रात्रीचे मिळून बहुतेक तास थोडें थोडें चरत असतो.

दुसरी गोष्ट अशी कीं, घोड्यास ओकतां येत नाहीं. पोटांत जें गेलें तें पुढेंच जावयास हवें. वाट अडली तर जठर फुटण्यापर्यंत मजल जाते. या दोन गोष्टी नीट ध्यानीं धरल्या म्हणजे पुढील बहुतेक नियम आपोआप उमगतात.

२. चारा, चंदी व पाणी

चारा हें घोड्याचें मुख्य अन्न असून चंदी ही केवळ पुरवणी होय. ३५० किलो वजनाच्या घोड्यास दिवसाकाठीं सुमारें ७ किलो कोरडें अन्न लागतें. त्यांत निदान पांच-साडेपांच किलो वाळलेलें गवत अगर तत्सम चारा असावा. तो दोन वेळां ढीग घालून न देतां चार-पांच वेळां विभागून द्यावा, आणि रात्रीचा वांटा सर्वांत मोठा ठेवावा. चारा जमिनीलगतच्या स्वच्छ गव्हाणींत घालावा. मान खालीं करून खाल्ल्यानें श्वासनळींतील धूळ बाहेर पडते. परंतु उघड्या मातींत घातल्यास वाळू पोटांत सांचते.

चंदी श्रमाच्या मानानें द्यावी. रिकाम्या उभ्या असलेल्या घोड्यास चांगला चारा असल्यास चंदीची गरज बहुधा नसतेच. द्यावयाची झाल्यास भिजविलेला हरभरा, जव अगर ओट यांचा तोबरा एका वेळीं किलोभराहून अधिक भरूं नये. दाणा फाजील झाला म्हणजे तो न पचतां मोठ्या आंतड्यांत उतरतो, तेथें आम्ल वाढतें, आणि त्यांतून पोटशूळ तरी होतो किंवा खुरांच्या आंतील मांसाचा दाह तरी. या दाहानें घोडा कायमचा लंगडा होऊं शकतो. केवळ गव्हाच्या कोंड्यावरहि भर देऊं नये. कोंड्यांत स्फुरद फार व चुना थोडा असल्यानें हाडें बिघडतात. जोडीस लसूणघास दिल्यास ही उणीव बरीच भरून निघते.

बुरसलेला मका घोड्यास विषच आहे. त्यानें मेंदू नासतो. कोंबड्यांच्या तयार खाद्यांत मोनेन्सिन, सॅलिनोमायसिन यांसारखीं औषधें घातलेलीं असतात, व कांहीं ठिकाणीं गुरांच्या खाद्यांतहि मोनेन्सिन असतें. कोंबडीस वा गाईस मानवणारी ही मात्रा घोड्याच्या हृदयाचे स्नायू मारते. म्हणून घोड्याची चंदी निराळ्या कोठींत व निराळ्या मापानें ठेवावी. चाऱ्यांत अगर चंदींत कोणताहि बदल एकदम न करतां आठ-दहा दिवसांत हळूहळू करावा. बाजारांतून घोडा घेतांना त्याच्या पूर्वींच्या खाण्याची चौकशी करून दोन दिवसांचा तोच चारा बरोबर आणणारा मनुष्य शहाणा समजावा.

पाणी दिवसास २० ते ४० लिटर, उन्हाळ्यांत व श्रमांत त्याहूनहि अधिक लागतें. तें सदैव पुढें असावें. घामाघूम घोड्यास पाणी दाखवूं नये व अंगावर गार पाणी घालूं नये, ही जुनी समजूत आतां टिकलेली नाहीं. १९९६ सालच्या अटलांटा ऑलिंपिकपूर्वीं झालेल्या संशोधनानें, उष्णतेनें तापलेल्या घोड्यास गार पाण्यानें निवविणें हितावह असल्याचें दाखवून दिलें. घोटघोट पाणी पाजावें, अंगावर भरपूर पाणी ओतावें, आणि सावलींत वारा लागूं द्यावा. घामावाटे मीठ जातें, म्हणून चाटण्यास मिठाचा खडा ठेवावा.

३. खूर

घोड्याचें खूर महिन्यास सुमारें एक सेंटिमीटर वाढतें. नाल असो वा नसो, दर सहा ते आठ आठवड्यांनीं कुशल नालबंदाकडून तें कापून सारखें करून घ्यावें. रोज सकाळीं व फेरीहून परतल्यावर चारी पाय उचलून खडे, शेण व चिखल कोरून काढावा. तळव्याच्या मध्यावरील त्रिकोणी मऊ भागास दुर्गंधी येऊन काळा द्रव दिसूं लागल्यास जागा ओली आहे असें समजावें, आणि औषधापूर्वीं जमीन कोरडी करावी.

खिळा बोंचून झालेली जखम क्षुल्लक मानूं नये. पाळीव जनावरांत धनुर्वातास घोड्याइतकें दुसरें कोणी बळी पडत नाहीं. बैलाच्या अशा जखमेस हळद लावून आपण निश्चिंत होतों; घोड्यास मात्र धनुर्वाताची लस आधींच टोंचून घेतलेली असावी व पशुवैद्याच्या सल्ल्यानें ती वेळोवेळीं चालू ठेवावी.

४. जागा, दोर व कुंपण

एका घोड्यास बारा फूट लांब व बारा फूट रुंद, कोरडी व हवेशीर जागा द्यावी. घोडा उभ्यानें डुलकी घेतो हें खरें. तथापि गाढ झोपेसाठीं त्यास आडवें व्हावेंच लागतें. तेव्हां अगदीं आंखूड बांधून ठेवणें हा जुलूम होय.

बैल कुंपणांत अडकला तर बहुधा उभा राहून धन्याची वाट पाहतो. घोडा अडकला कीं तो जीव खाऊन झटतो, आणि काटेरी तारेनें पायाची कातडी हाडापर्यंत सोलून निघते. घोडा सोडावयाच्या आवारास काटेरी तार नसावी. लांकडी आडव्या बल्ल्या अगर दुरून दिसणारी रुंद पट्टी लावावी. बैलाची दावण जमिनीलगत असते. घोड्यास मात्र छातीहून उंच, पक्क्या खांबास, हातभर दोर ठेवून बांधावें, व गांठ एका झटक्यांत सुटणारी असावी.

५. माणसाची सुरक्षितता

घोडा हा भिऊन पळणारा प्राणी आहे. त्याचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंस असल्यानें त्यास चौफेर दिसतें; मात्र थेट पाठीमागचें व कपाळासमोर अगदीं जवळचें दिसत नाहीं. म्हणून आवाज देत, डाव्या खांद्याच्या रोखानें जवळ जावें. मागून जाणें भागच असेल तर एक हात पुठ्ठ्यावर ठेवून अंगास चिकटून जावें, नाहीं तर लाथेच्या टप्प्याबाहेरून तरी जावें. मधलें अंतरच घातक असतें. दोर हातास कधींहि गुंडाळूं नये. घोडा बुजला म्हणजे बोटें तुटतात. कान मागें पाडणें व मागला पाय उचलणें ही त्याची सूचना समजावी. लहान मुलांस एकट्यानें ठाणाशीं जाऊं देऊं नये, आणि अनवाणी तर मोठ्यानेंहि जाऊं नये.

६. पोटशूळ, आणि आमची चूक

घोडा कुशीकडे वळून वळून पाहूं लागला, पुढच्या पायानें जमीन उकरूं लागला, लोळूं लागला, लीद बंद झाली, कीं पोटशूळ समजावा. आमच्या घोडीस एका संध्याकाळीं असेंच झालें. दिवसभर ती रिकामी उभी होती, आणि कामाच्या गर्दींत राहिलेली चंदी आम्हीं एकदम भरून दिली होती. पोट दुखतें असें पाहतांच, बैलास पाजतों त्याप्रमाणें, मान वर ओढून वेळूच्या नळकांड्यानें आम्हीं तिला गोडें तेल पाजलें. ती खोंकली, परंतु आम्हीं तिकडे लक्ष दिलें नाहीं. दुसऱ्या दिवशीं लीद झाली, पोट उतरलें, आणि घरांत आनंद झाला. तिसऱ्या दिवशीं तिला ताप चढला. तेल फुप्फुसांत गेलें होतें. पांचव्या दिवशीं घोडी गेली. पोटशूळानें सोडलेली घोडी आमच्या औषधानें मेली, हें पशुवैद्यानें सांगितलें तेव्हां आम्हांस उत्तर सुचलें नाहीं.

म्हणून पोटशूळांत चारा-चंदी ताबडतोब काढावी, पशुवैद्यास बोलवावें, आणि तो येईपर्यंत तोंडावाटे अगर नाकावाटे कांहींहि ओतूं नये. तेल देणें अवश्य असेल तर तो नळीनें थेट जठरांत सोडतो. घोडा शांत असल्यास शांत उभा राहूं द्यावा. अंग टाकून लोळत असल्यास सावकाश फिरवावा. मात्र दमेपर्यंत फिरवूं नये.

वैद्यास सांगण्यासाठीं कांहीं आंकडे पाठ असावेत. विश्रांतींत मोठ्या घोड्याची नाडी मिनिटास २८ ते ४४, श्वास ८ ते १६, आणि उष्णमान ३७.५ ते ३८.५ अंश सेल्सिअस असतें. जबड्याच्या खालच्या कडेवर बोट ठेवल्यास नाडी लागते. ती साठांवर गेली तर क्षणाचाहि विलंब करूं नये. घोडा निरोगी असतांनाच नाडी पाहण्याची संवय करावी. संकटांत नवी विद्या येत नाहीं.

७. नवें जनावर व सांथी

बाजारांतून आणलेला घोडा निदान तीन आठवडे इतर घोड्यांपासून दूर ठेवावा. त्याचें पाण्याचें भांडें व खरारा निराळा असावा. ताप, नाकांतून पू, जबड्याखालीं गांठी दिसल्यास पशुवैद्यास कळवावें. ग्लँडर्स हा रोग माणसासहि होतो, आणि २००९ च्या केंद्रीय कायद्यान्वयें तो सरकारास कळविणें बंधनकारक आहे. म्हणून खरेदीपूर्वींच रक्ततपासणीचा दाखला मागावा. पावसाळ्यांत व त्यानंतर चावऱ्या माशांपासून सर्रा होतो. येऊन-जाऊन ताप, रोडावणें व पोटाखालीं सूज हीं त्याचीं लक्षणें होत. जंतांचें औषध लीद तपासून द्यावें, आणि वर्षांतून एकदां दांत दाखवावेत.

८. नित्यक्रम

पहांटे प्रथम घोड्याकडे पाहावें: रात्रीचा चारा संपला आहे काय, लीद किती व कशी, पाणी किती प्यालें. मग चारा, खरारा, खूर व फेरी. परतल्यावर निववून विश्रांति व नंतर चंदी. दुपारीं सावली व थोडा चारा. संध्याकाळीं चंदी ठरल्या वेळीं, आणि निजण्यापूर्वीं पुन्हां एक नजर. या सर्वांस दिवसाचे दोन तास लागतात. तेवढा वेळ देणारें माणूस घरांत नसेल, तर बाजारांत घोड्याची किंमत विचारूं नये. ज्याच्या घरीं तें आहे, त्यानें गोठ्यांतील आपलें ज्ञान गोठ्यांतच ठेवून ठाणावर नव्यानें शिकण्यास लाजूं नये.