कोल्हापूरची दोन दिवसांची फेरी: गड, देऊळ, पाच घरं आणि खर्च

पुण्याहून चौघांचं कुटुंब स्वतःच्या गाडीने निघालं, मुक्काम कोल्हापुरात मामांकडे, दोन दिवसांत पन्हाळा-जोतिबा आणि नृसिंहवाडी-खिद्रापूर करायचं आणि वाटेवरची पाच घरं गाठायची. या बेताला किती पैसे लागतील, याचा हा हिशेब.

आधी पेट्रोल. लिटरला 105 रुपये आणि गाडीला 15चं अॅव्हरेज धरलं तर किलोमीटरला 7 रुपये पडतात. पुणे-कोल्हापूर जाऊन-येऊन 460 किलोमीटर, पन्हाळा-जोतिबाचे साधारण 60 आणि खिद्रापूरच्या फेरीचे 130. एकूण 650, म्हणजे 4,550 रुपये. टोलसाठी फास्टॅगचा वार्षिक पास काढलेला असेल तर चिंता नाही. 15 ऑगस्ट 2025 ला हा पास 3,000 रुपयांत 200 फेऱ्यांचा म्हणून सुरू झाला, म्हणजे एका नाक्याला साधारण 15 रुपये. खेड-शिवापूर, आनेवाडी, तासवडे आणि किणी हे नाके जाता-येता मिळून 120 रुपयांत होतात. वर्षातून एकदाच बाहेर पडणाऱ्याने मात्र पास घेऊ नये, साधा फास्टॅग पुरतो. तोही नसेल तर जादा टोल द्यावा लागतो.

भाड्याची गाडी घेणार असाल तर एक गोष्ट आधी विचारा. बाहेरगावच्या भाड्याला बहुतेक जण दिवसाला किमान 300 किलोमीटर लावतात. पाहुण्यांकडे थांबत-थांबत जाणाऱ्याचे कोल्हापुरातल्या दिवसाचे साठ ते एकशेतीसच होतात, बाकीचे पैसे न चाललेल्या रस्त्याचे. कोल्हापुरात पोचून आठ तास-ऐंशी किलोमीटरच्या हिशेबाने गाडी ठरवा, जादा किलोमीटरचा दर आधीच बोलून घ्या. पंच्याहत्तरी ओलांडलेल्या आजींना एस.टी. मोफत आहे, महिलांना निम्मं तिकीट. स्वारगेटहून आजी आणि घरातल्या बायका बसने आल्या तर गाडीत दाटी होत नाही.

खरा खर्च मात्र घरांचा, आणि लोक नेमका तोच धरत नाहीत. मामांच्या घरी, आत्याच्या घरी, कुरुंदवाडच्या मावशीकडे रिकाम्या हाताने जाता येत नाही. पेढे किंवा फळं, म्हाताऱ्या माणसासाठी काहीतरी मऊ, लहान पोरांच्या हातावर खाऊचे पैसे. घराला 500 धरा, पाच घरांचे 2,500. दोन दिवसांच्या स्थानिक पेट्रोलपेक्षा (1,330) हे जवळजवळ दुप्पट. लग्नानंतर पहिल्यांदाच जोडीने जात असाल तर आहेराची साडी, टॉवेल-टोपी वेगळी धरावी लागेल. पेढे पुण्याहून आणू नका, नृसिंहवाडीला घ्या. तिथली कवठाची बर्फी प्रवासात टिकते, बासुंदी त्याच दिवशी संपवावी लागते. आणि डिकी निम्मी रिकामी ठेवा. परतताना गूळ, शेंगा, तांदूळ कोणी ना कोणी गाडीत टाकणारच, नको म्हणणं त्यांना लागतं.

आदल्या दिवशी फोन करा आणि कोणत्या घरी जेवायचं, कोणत्या घरी फक्त चहा, ते स्पष्ट सांगा. न सांगता गेलात तर प्रत्येक घरी पांढरा-तांबडा रस्सा शिजतो, घरातल्या बायांचा अख्खा दिवस चुलीपाशी जातो आणि तुमचं खिद्रापूर राहून जातं. तुम्ही एखादा वार पाळत असाल तर तेही त्याच फोनवर सांगा.

पन्हाळा शहरापासून 20 किलोमीटर. नाक्यावर प्रवासी कर, वर पार्किंग आणि झुणका-भाकर. इथे गाइड घ्याच, दर आधी ठरवून. सज्जाकोठी, अंबरखाना आणि तीन दरवाजा एकमेकांपासून लांब आहेत, अंधारबाव तीन दरवाजाजवळच. जुलै 1660 मध्ये सिद्दी जौहरच्या वेढ्यातून शिवाजी महाराज कोणत्या दिशेने निसटले, हे जागेवर उभं राहून ऐकल्याशिवाय मुलांना गड कळत नाही. या सगळ्याचे 1,000 धरा. पन्हाळा 2025 मध्ये जागतिक वारसा यादीत गेला. रविवारी जोतिबाचा वार असल्याने त्या रस्त्याला गर्दी असते, त्यामुळे हा भाग शनिवारी आणि नृसिंहवाडी-खिद्रापूर रविवारी करा. पावनखिंड याच दोन दिवसांत कोंबू नका, तिला वेगळा दिवस लागतो.

खिद्रापूरच्या कोपेश्वराला तिकीट नाही. शिलाहारांच्या काळातलं हे देऊळ, स्वर्गमंडपाच्या वर्तुळाकार उघड्या छतातून ऊन थेट खाली उतरतं. जिल्ह्यात एकच जागा बघायची असेल तर माझं मत याला. पावसाळ्यात कृष्णेचं पाणी वाढलं की शिरोळ तालुक्यातले रस्ते बंद होतात, तेव्हा जुलै-ऑगस्टमध्ये तिथल्या पाहुण्यांना विचारूनच निघा.

पेट्रोल 4,550, टोल 120, घरं 2,500, पन्हाळा 1,000, चहा-पाणी आणि किरकोळ 800. एकूण नऊ हजारांच्या आत. पैसे कमी पडत असतील तर वाटेतलं हॉटेलचं जेवण सोडा आणि घरून डबा घ्या. गाइडचे आणि पोरांच्या खाऊचे पैसे कापू नका.