वेशीवरील पहारा आणि विद्यार्थ्यांची विचारपद्धती

झाशी शहराच्या जुन्या तटाला जे दरवाजे आहेत, त्यांपैकी ओरछा दरवाजा हा एक होय. मराठी सुभेदारांच्या अमदानीत वेशीवरचा पहारेकरी येणाऱ्याजाणाऱ्याचा चेहरा पाहूनच त्यास आत सोडीत असे. १८५८ च्या वेढ्यात दुल्हाजू नावाच्या सरदाराने हाच दरवाजा इंग्रजांना उघडून दिला, अशी आख्यायिका तेथे प्रचलित आहे.

आता अशी कल्पना करू की, या दरवाजावर चेहरे ओळखणारा कॅमेरा बसवावयाचा आहे. ही कल्पना फार दूरची नव्हे. स्मार्ट सिटी योजनेत झाशीची निवड २०१७ साली झाली, आणि त्या योजनेतून अनेक शहरांच्या चौकांत कॅमेरे आले. नववी-दहावीच्या वर्गापुढे प्रश्न ठेवावा : कॅमेरा बसवावा की नाही?

पहिले उत्तर बहुधा ठरलेले असते : ‘ज्याने गुन्हा केला नाही, त्याला भीती कसली?’ शिक्षकाने येथे थांबू नये. लॉरेन्स कोलबर्ग या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९५८ च्या आपल्या प्रबंधासाठी शिकागोतील मुलांपुढे नैतिक पेच मांडले, तेव्हा ‘होय’ किंवा ‘नाही’ यापेक्षा त्यामागील कारणाला त्याने महत्त्व दिले. पुढे २००५ साली सॅडलर व झाइडलर यांनी जननिक अभियांत्रिकीच्या प्रश्नांवर महाविद्यालयीन विद्यार्थ्यांशी बोलून तीन प्रकारची विचारसरणी नोंदविली : कारणे व परिणाम तोलणारी, दुसऱ्याविषयीच्या कळकळीतून येणारी, आणि ऐकताक्षणीच मनात उमटणारी. एकाच विद्यार्थ्याच्या बोलण्यात या तिन्ही आढळतात. शाळेत मात्र पहिलीलाच गुण मिळतात, हे योग्य नव्हे. ‘कोणी सतत पाहत असलेले मला आवडत नाही’ असे म्हणणाऱ्या मुलीला कारण सांगता आले नाही, तरी तिने प्रश्नाच्या मर्मावरच बोट ठेवलेले असते. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी २०१७ साली एकमताने खासगीपणाला मूलभूत अधिकार मानले, हे तिला सांगावे.

भावनेला माहितीची जोड मिळाली की विचाराला वळण लागते. त्यासाठी एक हिशेब फळ्यावर मांडावा. समजा, दिवसाकाठी दरवाजातून २०,००० निरपराध माणसे जातात आणि यंत्र हजारांत एकदाच त्यांच्यापैकी कोणाला चुकून फरारी ठरविते. म्हणजे रोज २० माणसे विनाकारण अडविली जातील. त्या दिवशी खरा फरारी एकच आला व तोही ओळखला गेला, तर यंत्राने दाखविलेल्या २१ जणांपैकी २० निर्दोष असतील! ‘हजारांत एक चूक’ ऐकून निर्धास्त झालेला वर्ग येथे गप्प होतो.

या चुका सर्वांच्या वाट्याला सारख्या येतात काय? बुओलाम्विनी व गेब्रू यांनी २०१८ साली चेहऱ्यावरून स्त्री-पुरुष ठरविणाऱ्या तीन व्यापारी प्रणाली तपासल्या. गोऱ्या पुरुषांच्या बाबतीत चुकीचे प्रमाण जास्तीत जास्त ०.८ टक्के, तर सावळ्या व काळ्या वर्णाच्या स्त्रियांच्या बाबतीत ते ३४.७ टक्क्यांपर्यंत होते. पुढे या प्रणालींत सुधारणा झाल्या. तरीही ‘यंत्र पक्षपात करीत नाही’ हे वाक्य विद्यार्थ्यांनी तपासल्याशिवाय वापरू नये.

जुना पहारेकरी आणि कॅमेरा यांत आणखी एक भेद आहे. पहारेकऱ्याला संध्याकाळपर्यंत निम्मे चेहरे आठवत नसतील. यंत्राची नोंद मात्र पुसल्याशिवाय जात नाही. ती कोठे राहते, किती दिवस राहते, आणि तिची किल्ली कोणाजवळ असते? दुल्हाजूची आख्यायिका येथे उपयोगी पडते, कारण तीतील दरवाजा आतून उघडला गेला होता.

२०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने अठरा वर्षांखालील व्यक्तीस बालक मानले असून तिची माहिती वापरण्यास पालकांची पडताळता येणारी संमती आवश्यक ठरविली आहे. मात्र राज्याची सुरक्षितता, सार्वजनिक सुव्यवस्था इत्यादी कारणांसाठी सरकार आपल्या यंत्रणांना या कायद्यातून सूट देऊ शकते. मग वेशीतून शाळेला जाणाऱ्या मुलाची संमती कोणी द्यावयाची? वर्गाचे चार गट करावे : दुकानदार, पोलीस अधिकारी, संध्याकाळी शिकवणीहून परतणारी मुलगी, आणि चुकून अडविला गेलेला परगावचा मजूर. प्रत्येक गटाने आपली बाजू मांडल्यावर भूमिका बदलाव्या, आणि मजुराची बाजू मांडण्याचे काम कॅमेऱ्याच्या कट्टर समर्थकाकडे द्यावे.