आराखडा पावसाळा धरून करा

रायगड जिल्ह्यातल्या दिघीच्या औद्योगिक वसाहतीला 28 ऑगस्ट 2024 रोजी केंद्राची मंजुरी मिळाली, तेव्हापासून म्हसळ्यात कारखान्यांच्या गप्पांना ऊत आलाय. माझी उमेदीची वर्षं कारखान्यांच्या डिझाइनमध्ये गेली. त्यातून एक गोष्ट पक्की झाली: आपल्याकडे कागद उन्हाळ्यात तयार होतात आणि कारखान्याची परीक्षा पावसाळा घेतो.

1. जागा जुलैत पाहा.
पर्यावरण अहवालासाठी हवेची मोजणी बहुधा पावसाळा सोडून एकाच हंगामात होते. नियमाला ती पुरते, डिझाइनला नाही. मे महिन्यात कोरडा ठणठणीत दिसणाऱ्या माळावर जुलैत पऱ्या वाहतो. तो नकाशात नसला तरी तिथे गुरं चारणाऱ्याला ठाऊक असतो. आधी त्याच्याबरोबर फिरा, मग प्लॉट प्लॅन काढा.

2. जांभ्यावर भाळू नका.
वरचा थर टणक, खाली बरेचदा मऊ चिकणमाती, कुठे पोकळीही. रिअ‍ॅक्टर, टाक्या, बॉयलर जिथे बसणार तिथेच बोअर घ्या. भूजलाची पातळी भर पावसात पुन्हा मोजा. जमिनीखालची रिकामी टाकी पाण्याच्या रेट्याने वर उचलली जाते. तिचं वजन आणि पकड त्या पातळीवरून ठरवावी लागते.

3. पाण्याचा हिशेब आधी मांडा.
दिवसात 200 मिलिमीटर पाऊस इथे नवलाचा नाही. पाच हेक्टरांच्या आवारात ते 1 कोटी लिटर होतं. यातलं थोडंही रसायनाच्या गटारात शिरलं, तर सांडपाणी प्रक्रियेची टाकी ओसंडणारच. पावसाचं आणि रसायनाचं गटार पहिल्या रेघेपासून वेगळं ठेवा. खाडीकडे जाणाऱ्या नाल्याचं तोंड उधाणाच्या भरतीची पातळी पाहून ठरवा. नाहीतर ऐन पावसात खाडीच आत येते.

4. वाऱ्याला संहितेपेक्षा जास्त मान द्या.
वाऱ्याच्या भाराची संहिता असलेल्या आयएस 875च्या तिसऱ्या भागाच्या 2015च्या आवृत्तीत चक्रीवादळासाठी वाढीव गुणक आहे. औद्योगिक बांधकामांना 1.15. पण तो पूर्व किनारा आणि गुजरातसाठी, कोकणासाठी नाही. पुढे 3 जून 2020ला ‘निसर्ग’ वादळ रायगड जिल्ह्यावरच आदळलं. हा गुणक वाऱ्याच्या वेगाला लागतो, दाब वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे 1.15 धरलं की दाब सुमारे 32 टक्के जास्त. मी तो इथे धरतोच. छपराच्या कडा आणि कोपऱ्यांतले स्क्रू वेगळे मोजून घेतो, कारण पत्रा तिथूनच सुटतो.

5. वीज बरेच दिवस नसेल असं धरा.
‘निसर्ग’नंतर कित्येक गावं आठवडेच्या आठवडे अंधारात होती. जनरेटरवर आधी रिअ‍ॅक्टर थंड ठेवणारे पंप, ढवळणी आणि अग्निशमन. ऑफिसचा एसी शेवटी. डिझेलचा साठा रस्ता बंद राहील तितक्या दिवसांचा हवा.

6. यंत्राचा आकार घाट ठरवतो.
माणगावकडून येणाऱ्या लांब ट्रेलरला घोणसे घाटाची वळणं घ्यायची असतात. वाट मोजल्याशिवाय मोठ्या भांड्याची ऑर्डर देऊ नका. बसत नसेल तर दोन तुकड्यांत आणून जागेवर वेल्डिंग करावं लागेल. मग त्याची तपासणी आणि क्रेनची जागा आराखड्यातच दाखवा.

7. वेळापत्रक मे अखेरपासून उलटं मोजा.
तोवर पाया जमिनीच्या वर आला पाहिजे, खड्डे बुजले पाहिजेत, गटारं वाहती झाली पाहिजेत. जमत नसेल, तर फेब्रुवारीत खोदाई सुरू करण्यापेक्षा ऑक्टोबरपर्यंत थांबा आणि तोवर ड्रॉइंगं पुरी करा. मालकाला हे पटवायला जड जातं. पाण्याने भरलेला पायाचा खड्डा उपसायला त्याहून जड.