सेवा संपल्यानंतर



गिरगावातील एका चाळीत मी सांत्वनासाठी गेलो होतो. पार्किन्सन्स म्हणजेच कंपवाताने जडलेल्या पतीची अनेक वर्षे सेवा केलेल्या वृद्ध भगिनी स्वयंपाकघराच्या दाराशी बसल्या होत्या. दुपारी दोन वाजता मोबाईलचा गजर वाजला. त्या सवयीने उठल्या, पाण्याचा पेला भरला आणि तो हातात धरून तशाच उभ्या राहिल्या. गोळी घेणारा मरीन लाइन्सच्या बडा कब्रस्तानात विसावला होता.

या आजारात औषधाचा परिणाम काही तासांतच ओसरतो, म्हणून गोळ्या अगदी वेळेवर द्याव्या लागतात. रात्री कूस बदलून देणे, अडलेल्या पावलाला हात देणे, घास गिळला की नाही ते पाहणे, यातच सेवा करणाऱ्याचा दिवस सरतो. त्या भगिनी म्हणाल्या, "मौलाना, आता कोणासाठी उठू? आणि ते गेले त्या रात्री मला गाढ झोप लागली. हा गुन्हा झाला का?"

या दोन्ही प्रश्नांचे उत्तर दीनमध्ये आहे.

सेवा ही इबादत

हिजरी सन २ मध्ये बद्रच्या युद्धाच्या वेळी हजरत उस्मान (रजि.) यांच्या पत्नी, प्रेषितकन्या हजरत रुकय्या (रजि.) आजारी होत्या. प्रेषितांनी (स.) त्यांना पत्नीच्या शुश्रूषेसाठी मदीनेतच थांबविले आणि बद्रमध्ये लढणाऱ्याइतकेच पुण्य व वाटा त्यांना मिळेल, असे सांगितले. हजरत रुकय्या वाचल्या नाहीत, तरीही ते पुण्य उणे झाले नाही. सेवेचा मोबदला रोगी बरा होण्यावर अवलंबून नसतो.

झोप हा गुन्हा नव्हे

शरीराचाही आपल्यावर हक्क आहे, अशी प्रेषितांची (स.) शिकवण आहे. वर्षानुवर्षे जागलेल्या देहाने तो हक्क मागितला, तर त्यात बेइमानी नाही. सेवेच्या काळात कधी रागाने शब्द गेला असेल, तर इस्तिगफार करावा, दिवंगताच्या मगफिरतीसाठी दुआ करावी, त्याच्या नावे सदका द्यावा. स्वतःला आयुष्यभर दोष देणे म्हणजे तौबा नव्हे.

पुढचे दिवस

गर्भवती नसलेल्या विधवेची इद्दत ४ महिने १० दिवसांची आहे (सूरह बकरा, आयत २३४). ही मुदत सन्मानाची आहे, शिक्षेची नव्हे. या काळात स्वतःच्या उपचारासाठी डॉक्टरकडे जाण्यास मनाई नाही. मुदत संपल्यावर तिने स्वतःविषयी रीतीला धरून जो निर्णय घ्यावा, त्यात दोष नाही, असेही तीच आयत स्पष्ट करते. तेव्हा लोक काय म्हणतील, या धाकाने तिला कोंडून ठेवण्याचा अधिकार कोणालाही नाही.

सूरह इन्शिराहमध्ये अडचणीसोबत सुलभतेचे आश्वासन आहे, आणि एका कामातून मोकळे होताच पुढच्या परिश्रमाला लागून पालनकर्त्याकडे वळण्याचा आदेशही आहे. हजरत उस्मान (रजि.) यांनी पुढे विवाह केला आणि हिजरी ९ मध्ये तबूकच्या मोहिमेसाठी मुक्तहस्ते खर्च केला. मात्र पुढे जाणे म्हणजे विसरणे नव्हे. हजरत खदीजा (रजि.) यांच्या पश्चात प्रेषित (स.) त्यांच्या मैत्रिणींकडे आवर्जून मांस पाठवीत असत.

सेवेत मिळविलेले ज्ञानही वाया जाऊ देऊ नये. मुंबईत २००१ साली स्थापन झालेली 'पार्किन्सन्स डिसीज अँड मूव्हमेंट डिसऑर्डर सोसायटी' रुग्णांसाठी व त्यांच्या कुटुंबीयांसाठी कार्य करते. अनुभवी माणसाचा एक शब्द नव्याने या वाटेवर आलेल्या घराला मोठा आधार देतो.

आपले कर्तव्य

आपण तीन दिवस गर्दी करतो आणि चौथ्या दिवशी ते घर विसरतो. खरा एकाकीपणा तर त्यानंतर सुरू होतो. महिन्याने, दोन महिन्यांनी दार ठोठावा. त्यांचे गुडघे, डोळे, थकलेली तपासणी यांची चौकशी करा.

त्या भगिनींना मी एवढेच म्हणालो, "अम्मा, गजर इतक्यात बंद करू नका. तो वाजला की त्यांच्यासाठी दुआ करा आणि तो पेलाभर पाणी तुम्ही स्वतः प्या."

अल्लाह सर्व सेवा करणाऱ्यांची सेवा कबूल करो. आमीन.